दुचाकी विमापत्रातील ‘वापराच्या मर्यादा’ : ऑफ-रोड मोटारसायकल उपक्रमांच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा

गेल्या दीड दशकात मोटारसायकल हे केवळ प्रवासाचे साधन राहिलेले नाही. डांबरी रस्ता सोडून माती, चिखल, नदीपात्र व डोंगरवाटांवर ती चालविण्याचे संघटित उपक्रम महाराष्ट्रात रूढ झाले आहेत. या वाहनांना लागू होणाऱ्या विमापत्राची भाषा मात्र प्रामुख्याने २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधून आलेली असून तिच्यातील काही संज्ञा त्याहूनही फार जुन्या आहेत. प्रस्तुत लेखात प्रमाणित दुचाकी विमापत्राच्या ‘वापराच्या मर्यादा’ या भागाची संहिता म्हणून चिकित्सा केली आहे. विमापत्र वेगाला धोका मानते, ऑफ-रोड उपक्रमातील मुख्य धोका मात्र जमिनीच्या स्वरूपात असतो. या विसंगतीमुळे जे वगळावयाचे ते नीट वगळले जात नाही आणि ज्याला संरक्षण द्यावयाचे तो अनिश्चिततेत राहतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : दुचाकी विमा, ऑफ-रोड उपक्रम, वापराच्या मर्यादा, तृतीय पक्ष, सार्वजनिक स्थान, मोटार वाहन अधिनियम १९८८.

१. प्रस्तावना

पनवेल तालुक्यातील आपटा हे पाताळगंगेच्या काठचे गाव. पनवेल-रोहा लोहमार्गावरील लहानसे स्थानक, शेजारी रसायनीची औद्योगिक वसाहत आणि जवळच कर्नाळ्याचा किल्ला व पक्षी अभयारण्य, अशी त्याची ओळख सांगता येते. मुंबई आणि नवी मुंबईतून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल एवढ्याच अंतरावर येथे भातखाचरांमधील मुरमाच्या वाटा, ओढे, नदीकाठचे दगडगोटे आणि पावसाळ्यात घोटाभर चिखल असा मुलूख सुरू होतो. डांबरी रस्त्याचा कंटाळा आलेल्या मोटारसायकलस्वाराला हवे ते सर्व या पट्ट्यात आहे.

अशा गावाच्या हद्दीत, एखाद्या शेतमालकाच्या संमतीने, वीस-पंचवीस स्वारांचा एक ऑफ-रोड उपक्रम झाला असे केवळ विवेचनासाठी गृहीत धरू. त्यात तीन प्रकारचे नुकसान संभवते. ओढा ओलांडताना एखादी मोटारसायकल आडवी होऊन तिच्या इंजिनात पाणी शिरते. चढावर तोल जाऊन दुसऱ्या स्वाराचे हाड मोडते. तिसरी मोटारसायकल घसरून बांधावर उभ्या असलेल्या ग्रामस्थावर जाते. तीनही वाहने नोंदणीकृत आहेत, तिन्हींचा विमा चालू आहे आणि हप्ता वेळेवर भरलेला आहे. तरीही या तिघांपैकी कोणाला काय मिळेल, याचे ठाम उत्तर विमापत्र वाचून मिळत नाही. ते का मिळत नाही, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न काल्पनिक उदाहरणापुरता मर्यादित नाही. पावसाळी चिखलवाटांवरची गल्फ मान्सून स्कूटर रॅली नवी मुंबई परिसरात अनेक वर्षे भरत आली. नाशिकच्या परिसरात रॅली ऑफ महाराष्ट्र भरत आली आहे. २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. दुसऱ्या बाजूने उत्पादकांनीही या आवडीला खतपाणी घातले. हिरोची इम्पल्स २०११ मध्ये, रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये आणि हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ मध्ये बाजारात आली. ही सर्व वाहने प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदविली जाणारी, कामावर नेता येणारी आणि तरीही रस्ता सोडण्यासाठीच घडविलेली आहेत. वाहन बदलले, त्याचा वापर बदलला, विमापत्राची भाषा मात्र तीच राहिली.

२. अभ्यासाची व्याप्ती व पद्धती

प्रस्तुत विवेचन संहिता-विश्लेषणाच्या पद्धतीने केले आहे. इंडिया मोटर टॅरिफ २००२ मधील दुचाकी विमापत्राचा प्रमाणित मसुदा, त्याच टॅरिफमधील ३१ क्रमांकाचे पृष्ठांकन, मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील विमाविषयक प्रकरण आणि निवडक न्यायनिर्णय हे त्याचे आधार आहेत. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठीचे टॅरिफचे दर १ जानेवारी २००७ पासून मुक्त झाले. तथापि कंपन्यांच्या विमापत्रांत तीच शब्दरचना थोड्याफार फरकाने चालू राहिली, म्हणून तिचा विचार आजही प्रस्तुत ठरतो. एखाद्या विशिष्ट कंपनीच्या कारभाराचे मूल्यमापन हा लेखाचा हेतू नाही.

३. चार शब्दांचा वारसा

प्रमाणित दुचाकी विमापत्राच्या संबंधित कलमाची रचना लक्षणीय आहे. काही नमूद हेतू वगळता अन्य कोणत्याही हेतूसाठी वाहन वापरता येईल, असे ते म्हणते. वगळलेले हेतू सात आहेत : भाड्याने वा मोबदल्यासाठी वापर, नमुने व वैयक्तिक सामान सोडून अन्य मालाची वाहतूक, संघटित शर्यत, पेसमेकिंग, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल आणि मोटार-व्यवसायाशी संबंधित वापर. यांपैकी मधले चार हेतू क्रीडाविषयक आहेत.

या चार शब्दांचा इतिहास पाहिला की त्यांच्या मर्यादा लक्षात येतात. पेसमेकिंग म्हणजे सायकल-शर्यतीत सायकलस्वारापुढे मोटारसायकल चालवून त्याला गती धरून देणे. आज मराठी वाचकाला ‘पेसमेकर’ म्हटले की हृदयात बसविलेले यंत्र आठवते, एवढा हा अर्थ मागे पडला आहे. रिलायबिलिटी ट्रायल ही तर मोटारयुगाच्या प्रारंभीची संज्ञा. वाहन लांबच्या खडतर वाटेवर न बिघडता टिकते की नाही, हेच त्या काळी लोकांना पाहावयाचे होते. १९०४-०५ च्या हिवाळ्यात दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी झाली ती याच जातीची. मोटारसायकलींसाठी १९१३ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेली सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय चाचणी हे तिचे प्रसिद्ध रूप होय. याच स्पर्धेच्या नावातील ‘ट्रायल’ हा शब्द १९८१ पासून जाऊन तेथे ‘एन्ड्युरो’ आला. म्हणजे ज्या क्रीडाप्रकाराने स्वतःचे नाव बदलले, त्याचे जुने नाव २००२ च्या भारतीय विमापत्रात कायम राहिले.

येथे केवळ शब्दांच्या जुनेपणावर आक्षेप नाही. कायद्याच्या भाषेत जुने शब्द असतातच. आक्षेप असा की, या चार शब्दांमागील धोक्याची कल्पना एकच आहे आणि ती रस्त्यावरची आहे. रस्ता जणू गृहीत आहे, धोका आहे तो वेगाचा, चढाओढीचा किंवा यंत्रावर पडणाऱ्या ताणाचा. आपट्याच्या ओढ्यात ताशी दहा किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल या कल्पनेत कोठेच बसत नाही. तिला धोका आहे तो शेवाळलेल्या दगडाचा. आणि वगळलेल्या सात हेतूंत जमिनीविषयी एकही शब्द नाही.

४. उपक्रमांचे प्रकार आणि संहितेतील पोकळी

‘ऑफ-रोड उपक्रम’ या एकाच नावाखाली किमान चार भिन्न गोष्टी येतात, असे दिसून येते.

पहिला प्रकार बंदिस्त मार्गावरील शर्यतीचा. मोटोक्रॉस व सुपरक्रॉस यांचा यात समावेश होतो. त्यांतील खास बनावटीच्या मोटारसायकली बहुधा नोंदणीकृत नसतात आणि टेम्पोतून आणल्या जातात. त्यांना सामान्य दुचाकी विमापत्र लागू होण्याचा प्रश्नच सहसा उद्भवत नाही. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या मान्यतेने होणाऱ्या अशा स्पर्धांत स्पर्धक-परवाना, वैद्यकीय व्यवस्था आणि स्वतंत्र नियमावली असते. हा प्रकार ‘संघटित शर्यत’ या संज्ञेत निर्विवादपणे बसतो.

दुसरा प्रकार रॅलीचा. येथे काही टप्पे वेळेविरुद्धचे, तर काही टप्पे केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे असतात. वेळ-वेग-अंतर या पद्धतीच्या रॅलीत तर ठरलेल्या वेळेआधी पोहोचणाऱ्यालाही दंडाचे गुण मिळतात. तेथे वेगापेक्षा नियमितपणाची कसोटी लागते. ही शर्यत मानावी की रिलायबिलिटी ट्रायल, हा प्रश्न खुला राहतो.

तिसरा प्रकार प्रशिक्षणाचा. प्रशिक्षक चढ, उतार, वाळू व चिखल यांत वाहन कसे सांभाळावे हे शिकवितो. येथे कोणी कोणाशी स्पर्धा करीत नाही, घड्याळ लावले जात नाही. हे सात हेतूंपैकी कशातही बसत नाही.

चौथा प्रकार सामूहिक भटकंतीचा. पन्नास किलोमीटर महामार्ग आणि मग पाच किलोमीटर मातीची वाट. हाही सातांपैकी कशात बसत नाही.

संहितेचा शब्दशः अर्थ घेतला, तर तिसरा व चौथा प्रकार संरक्षित ठरतो, कारण जे वगळलेले नाही ते समाविष्ट आहे अशीच कलमाची रचना आहे. विमाकरारातील संदिग्धतेचा लाभ मसुदा न लिहिणाऱ्या पक्षाला मिळावा, हे तत्त्व भारतीय न्यायालयांनी वेळोवेळी मान्य केले आहे. परंतु व्यवहारात दाव्याच्या अर्जावर ‘अपघात कसा झाला’ या रकान्यात ‘ऑफ-रोड इव्हेंटमध्ये’ एवढे लिहिले की तो अर्ज कोणत्या नजरेने वाचला जाईल, हे विमाधारकाला आधी कळण्याचा मार्ग नाही. ‘इव्हेंट’ हा शब्द विमापत्रात नाही, पण वाचणाऱ्याच्या मनात तो ‘संघटित शर्यत’ या शब्दाशेजारी जाऊन बसू शकतो. संहितेतील पोकळी अशा रीतीने वाचकाच्या पूर्वग्रहाने भरली जाते.

५. वाहनाचे नुकसान

स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीपुरते पाहिले तर विमापत्राने मान्य केलेल्या आपत्तींत आग, चोरी, पूर, दरड आणि ‘बाह्य आघाताने झालेला अपघात’ यांचा समावेश आहे. खडकावर आपटून वाकलेला हँडलबार हा बाह्य आघातच होय. परंतु लगेच पुढे यांत्रिक वा विद्युत बिघाड, झीज आणि परिणामी हानी वगळलेली आहे. ओढ्यात इंजिनात पाणी शिरले, ही बाह्य आघाताची घटना की चालू इंजिनात पाणी ओढले गेल्याने झालेला यांत्रिक बिघाड, हा वाद येथेच सुरू होतो. टायर व ट्यूब यांचे नुकसान तर वाहनाचेही नुकसान त्याच वेळी झाले असल्यासच, आणि तेही बदलीखर्चाच्या निम्म्यापर्यंतच ग्राह्य धरले जाते. रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो. ऑफ-रोड उपक्रमात नेमके टायर आणि प्लॅस्टिकचे भागच अधिक मोडतात, ही बाब लक्षात घेता पूर्ण संरक्षण असतानाही प्रत्यक्ष भरपाई मर्यादितच राहते.

याशिवाय वाहनाच्या सुरक्षिततेसाठी वाजवी काळजी घेण्याची अट विमाधारकावर आहे. रस्त्यासाठी लिहिलेली ही अट आडवाटेला लावताना ‘वाजवी’ म्हणजे काय, हे ठरवावे लागते. ओढ्यात वाहन घालणे हीच निष्काळजी मानली, तर ज्या कामासाठी ते वाहन विकले गेले तेच काम निष्काळजी ठरेल.

वापराच्या मर्यादेचा भंग झाला तरी दावा सरसकट फेटाळणे योग्य नव्हे, असा दृष्टिकोन सर्वोच्च न्यायालयाने घेतलेला दिसतो. नितीन खंडेलवाल प्रकरणात (२००८) चोरीला गेलेल्या वाहनाबाबत वापराच्या अटीचा भंग गौण मानून ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने भरपाई मान्य झाली, तर अमलेंदू साहू प्रकरणात (२०१०) वाहन भाड्याने दिल्याच्या आरोपानंतरही विमा कंपनीला अंशतः रक्कम देण्यास सांगण्यात आले. नोव्हेंबर २०२२ मधील टेक्स्को मार्केटिंग प्रकरणात तर कराराचा मुख्य हेतूच निष्फळ करणाऱ्या वगळणुकीच्या कलमावर न्यायालयाने कठोर भूमिका घेतली आणि अशी कलमे ग्राहकाला समजावून सांगण्याच्या कर्तव्यावर भर दिला. मात्र हे सर्व निर्णय न्यायालयाची पायरी चढल्यानंतरचे आहेत. मोडलेल्या हँडलबारसाठी ती पायरी कोण चढणार, हा प्रश्न उरतोच.

६. चालक आणि मागे बसणारा

मालक-चालकासाठीच्या वैयक्तिक अपघात संरक्षणाची रक्कम २०१८ मध्ये वाढून १५ लाख रुपये झाली. पूर्वी दुचाकीसाठी ती केवळ एक लाख होती. ही वाढ स्वागतार्ह असली तरी ती प्रामुख्याने मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. ऑफ-रोड उपक्रमात अधिक संभाव्य असलेल्या मोडलेल्या गळपट्टीच्या हाडाला, निखळलेल्या खांद्याला किंवा रुग्णालयाच्या देयकाला हे संरक्षण उत्तर देत नाही. शिवाय ते मालक-चालकापुरते आहे, मित्राची मोटारसायकल घेऊन आलेल्या स्वाराची स्थिती वेगळी ठरते.

मागे बसणाऱ्याची स्थिती अधिक नाजूक आहे. केवळ कायद्याने बंधनकारक असलेल्या विमापत्रात दुचाकीवर विनामोबदला बसलेल्या व्यक्तीचा समावेश होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तिलक सिंग प्रकरणात (२००६) म्हटले आहे. सर्वसमावेशक विमापत्रात तो होतो, असे विमा नियामकाने २००९ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे मागे बसणाऱ्याचे संरक्षण वाहनमालकाने कोणते विमापत्र घेतले यावर ठरते, आणि तो कागद मागे बसणाऱ्याने पाहिलेलाही नसतो.

या ठिकाणी आयोजकांच्या हमीपत्राचा उल्लेख आवश्यक ठरतो. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे’ अशा आशयाच्या कागदावर सह्या घेण्याचा प्रघात सर्वपरिचित आहे. महाविद्यालयीन सहली आणि विद्यार्थ्यांच्या दुचाकी-फेऱ्यांच्या निमित्ताने प्राध्यापक वर्गही अशी पत्रे भरून घेतो. परंतु हमीपत्र म्हणजे विमा नव्हे. ते फार तर सही करणाऱ्याला बांधते, आणि अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याने केलेला करार तर मोहोरी बीबी प्रकरणापासून (१९०३) शून्यवत मानला जातो. हमीपत्राने जोखीम नाहीशी होत नाही. ती फक्त आयोजकाच्या टेबलावरून उचलून सहभागी व्यक्तीच्या घरी नेऊन ठेवली जाते.

७. बांधावर उभा असलेला माणूस

वाहनमालकाने उपक्रम निवडलेला असतो, चालकानेही निवडलेला असतो. बांधावरच्या माणसाने काहीच निवडलेले नसते. म्हणून या विवेचनात त्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १४६ नुसार सार्वजनिक स्थानी वाहन वापरण्यासाठी तृतीय पक्षाचा विमा बंधनकारक आहे. तेव्हा पहिला प्रश्न असा की, आपट्यातील खाजगी शेत हे सार्वजनिक स्थान आहे काय? कायद्यातील व्याख्या जनतेला प्रवेशाचा हक्क असलेल्या जागेची आहे. परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पांडुरंग चिमाजी आगळे प्रकरणात (१९८८) या व्याख्येचा व्यापक अर्थ लावला. जेथे लोकांना प्रवेश आहे, मग तो हक्काने असो वा नियंत्रित स्वरूपाचा असो, ते स्थान विम्याच्या प्रयोजनासाठी सार्वजनिक ठरते, असा त्याचा आशय आहे. महाराष्ट्रापुरता हा निर्णय ग्रामस्थाच्या बाजूने मोठाच आधार आहे. ज्या शेतात सहभागी स्वार, त्यांचे मित्र आणि पाहणारे गावकरी येऊ शकतात, ते शेत या कसोटीला उतरण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरा प्रश्न विमा कंपनीच्या बचावाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १५० मध्ये (पूर्वीचे कलम १४९) कंपनीला कोणत्या कारणांवर बचाव घेता येईल याची यादी आहे. त्या यादीत ‘संघटित शर्यत व वेगचाचणी’ आहे. पेसमेकिंग नाही. रिलायबिलिटी ट्रायल नाही. म्हणजे विमापत्राने वगळलेल्या चार क्रीडाहेतूंपैकी दोनच कायद्याच्या यादीत आहेत. यावरून असा युक्तिवाद करता येतो की, रॅलीतील रिलायबिलिटी ट्रायलचे कारण सांगून कंपनी वाहनमालकाची नुकसानी नाकारू शकेल, जखमी तृतीय पक्षाला मात्र त्याच कारणाने परत पाठवू शकणार नाही. अटीचा भंग सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो आणि प्रसंगी कंपनीने आधी भरपाई देऊन मग ती मालकाकडून वसूल करावी, हे स्वर्ण सिंग प्रकरणात (२००४) मांडलेले तत्त्व याला पूरक आहे.

परंतु याच ठिकाणी कायद्यातील एक विपरीत परिस्थिती समोर येते. खरी शर्यत असेल, म्हणजे पाहणाऱ्याला धोका सर्वाधिक असेल, तेव्हाच कंपनीला कायदेशीर बचाव मिळतो. धोका जेवढा अधिक, तेवढे बांधावरच्या माणसाचे संरक्षण कमी. शर्यतीचा धोका सामान्य विमापत्राने उचलू नये, हे समजण्यासारखे आहे. पण मग तो दुसऱ्या कोणी तरी उचलला पाहिजे, आणि तो कोणी उचलावा याविषयी विमाविषयक प्रकरण मौन पाळते.

सार्वजनिक स्थानाच्या व्याख्येलाही दुसरी धार आहे. राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक स्थानी शर्यत वा वेगचाचणी करणे हा कलम १८९ खाली गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा वाढविली आहे. त्यामुळे आयोजकाला शेत खाजगी ठरविण्यात स्वारस्य असते, तर जखमी ग्रामस्थाला ते सार्वजनिक ठरावे यात. एकाच बांधाच्या दोन बाजूंना एकाच शब्दाचे दोन अर्थ उभे राहतात.

८. विस्मृत पृष्ठांकन

इंडिया मोटर टॅरिफच्या मसुदाकारांना या प्रश्नाची जाणीव नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. खाजगी मोटारी व दुचाकी यांच्यासाठी ‘रिलायबिलिटी ट्रायल्स व रॅलीज’ या शीर्षकाचे ३१ क्रमांकाचे पृष्ठांकन टॅरिफमध्ये आहे. जादा हप्ता भरल्यास विमापत्राचे संरक्षण नमूद केलेल्या उपक्रमापुरते वाढविता येते, अशी ही तरतूद आहे.

तथापि या पृष्ठांकनाच्या मर्यादा सूक्ष्मपणे पाहण्याजोग्या आहेत. त्यात उपक्रमाचे नाव, स्थळ, दिनांक आणि आयोजक संस्था यांच्या रिकाम्या जागा भरावयाच्या आहेत. छापील पत्रक काढून होणारी औपचारिक रॅली मसुदाकारांच्या डोळ्यांसमोर होती, हे उघड आहे. मोबाइलवरील संदेशांतून ठरणाऱ्या रविवारच्या उपक्रमाला या जागा भरताच येणार नाहीत. दुसरे असे की, आयोजकाला या पृष्ठांकनाचा लाभ नाही. तिसरे, संघटित शर्यत, पेसमेकिंग व वेगचाचणी ही वगळणूक येथेही कायम आहे, त्यामुळे रॅलीतील वेळेविरुद्धचा टप्पा पुन्हा वादात सापडतो. चौथे, उपक्रमादरम्यान वाहनावर बसलेल्या व्यक्तीच्या मृत्यूची वा इजेची जबाबदारी कंपनी घेत नाही. एका हाताने जे दिले, त्याचा बराच भाग दुसऱ्या हाताने काढून घेतला आहे.

आणि तरीही, अपुरी का होईना, ही तरतूद अस्तित्वात आहे. दुचाकीचा विमा शोरूममध्ये वाहनासोबतच विकला जातो, अशा व्यवहारात तिचा उल्लेख होण्यास जागाच नसते. जी तरतूद मागावी लागते आणि जिचे नावच ग्राहकाला ठाऊक नाही, ती छापील असूनही नसल्यासारखीच होय.

९. युरोपातील अनुभव

हा पेच केवळ भारतीय नाही. स्लोव्हेनियातील एका शेतावर ट्रॅक्टरच्या ट्रेलरने झालेल्या अपघातावरून युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये व्नुक खटल्यात निर्णय दिला. वाहनाचा त्याच्या नेहमीच्या कार्याशी सुसंगत असा कोणताही वापर, खाजगी जमिनीवरील असला तरी, बंधनकारक विम्याच्या कक्षेत येतो, असे न्यायालयाने म्हटले. याचा अर्थ मोटारक्रीडेलाही बंधनकारक विमा लागू होईल, अशी धास्ती त्या क्षेत्रात निर्माण झाली. पुढे २०२१ च्या निर्देशाने मार्ग काढला. बंदिस्त व सीमांकित जागेतील शर्यती, सराव व प्रशिक्षण यांना बंधनकारक मोटार-विम्यातून वगळता येईल, मात्र आयोजकाने प्रेक्षक व अन्य तृतीय पक्षांसाठी पर्यायी विमा घेतलेला असला पाहिजे. ब्रिटनने २०२२ च्या कायद्याने व्नुक निर्णयाचा परिणामच आपल्यापुरता रद्द केला.

या दोन मार्गांपैकी युरोपीय संघाचा मार्ग आपल्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. त्यात वगळणूक आहे, पण ती सशर्त आहे. वाहनाच्या विमापत्रातून जो धोका बाहेर काढला, तो आयोजकाच्या विमापत्रात आला आहे की नाही, हे पाहिले जाते. भारतीय मसुद्यात पहिले पाऊल आहे, दुसरे नाही.

१०. संभाव्य आक्षेप

या विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. रोज रसायनीच्या कारखान्यात कामावर जाणाऱ्या कामगाराने आपल्या हप्त्यातून कोणाच्या रविवारच्या हौसेचा खर्च का उचलावा? हा आक्षेप पूर्णतः ग्राह्य आहे. विमा हा समूहाचा निधी आहे आणि असाधारण जोखीम साधारण हप्त्यात बसविणे न्याय्य नाही. म्हणूनच येथे केलेली टीका वगळणुकीवर नसून वगळणुकीच्या अस्पष्टतेवर आहे. ज्याला संरक्षण नाही त्याला ते नाही हे आधी स्पष्ट कळावे, आणि ज्याला हवे त्याला ते वेगळ्या हप्त्याने मिळावे, एवढीच अपेक्षा आहे.

असे वेगळे मोल ठरविणे अव्यवहार्य आहे, असेही म्हणता येणार नाही. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने वापरानुसार आणि चालविण्याच्या पद्धतीनुसार हप्ता आकारणाऱ्या जोडसंरक्षणांना मान्यता दिली. वाहन किती चालले यावर हप्ता ठरू शकतो, तर ते एका दिवशी कोठे चालणार यावरही ठरू शकेल.

११. निष्कर्ष

१) प्रमाणित दुचाकी विमापत्रातील क्रीडाविषयक वगळणूक वेगाच्या कल्पनेवर आधारलेली आहे. जमिनीच्या स्वरूपातून येणाऱ्या धोक्याबाबत संहिता मूक आहे. शर्यत, रॅली, प्रशिक्षण व भटकंती यांच्या स्वतंत्र व्याख्या विमापत्रात येणे आवश्यक आहे.

२) विमापत्रातील चार वगळणुकी आणि कलम १५० मधील दोन बचाव यांत तफावत आहे. तृतीय पक्षाच्या बाबतीत कायद्याची यादीच निर्णायक आहे, हे विमापत्रात स्पष्ट शब्दांत नमूद व्हावे.

३) ३१ क्रमांकाच्या पृष्ठांकनाची नव्याने मांडणी होऊन एक दिवसाचे संरक्षण, प्रशिक्षण-उपक्रम आणि मागे बसणारी व्यक्ती यांचा त्यात विचार व्हावा.

४) आयोजकाने तृतीय पक्षासाठी घेतलेला विमा ही परवानगीची पूर्वअट असावी. हमीपत्र हा त्याला पर्याय मानला जाऊ नये.

५) २०२४ पासून आग्रह धरल्या गेलेल्या ग्राहक-माहितीपत्रकात वापराच्या मर्यादा मराठीत व सोदाहरण दिल्या जाव्यात. ‘पेसमेकिंग’ या शब्दाने ग्राहकाला काहीही कळत नाही. ‘ओढ्यात इंजिन बंद पडल्यास’ या शब्दांनी कळते.

समारोप

विमापत्र ही एक विलक्षण संहिता आहे. ती विकत घेणारे सर्वाधिक, वाचणारे सर्वांत थोडे, आणि जो वाचतो तो बहुधा अपघातानंतर. तिच्यातील प्रत्येक अस्पष्ट शब्दाची किंमत कोणीतरी मोजत असते. ऑफ-रोड उपक्रमांच्या बाबतीत ही किंमत काही अंशी हौशी स्वार मोजतो, आणि त्याला ती परवडतेही. परंतु संध्याकाळी सर्व मोटारसायकली पनवेलच्या दिशेने निघून गेल्यावर मोडका पाय घेऊन गावातच राहतो तो बांधावरचा माणूस. विमापत्राच्या सुधारणेचा विचार त्याच्यापासून सुरू व्हावा, हेच या चिकित्सेचे फलित म्हणता येईल.